घरातला गारवा – भाग 4 : रोडपालीत एसी निवडताना

गेल्या आठवड्यात आपण खिडक्या, पडदे आणि गच्चीवरचा पांढरा रंग यांचा विचार केला. एवढं करूनही मे महिन्यात डोळ्याला डोळा लागत नसेल, तर यंत्राकडे वळायला हरकत नाही. मात्र ते ठरवताना विदर्भातल्या पाहुण्यांचा सल्ला रोडपालीत लागू पडत नाही.

नागपुरात पारा 44 अंशांवर आणि आर्द्रता 15 टक्के असली, की वाळ्याचा कूलर 27-28 अंशांची हवा सोडतो. कोरड्या हवेत पाण्याची झपाट्याने वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच जाते. खाडीकाठच्या आपल्या भागात पारा 35 अंश, पण आर्द्रता 60 टक्के असते. तोच कूलर इथे जेमतेम 30 अंशांपर्यंत येतो आणि वर खोलीत ओल भरतो. रोडपाली-कळंबोलीत कूलरवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘हॉट अँड कोल्ड’ एसीचाही मोह नको. इथल्या जानेवारीला गोधडी पुरते.

उरला एसी. इथे त्याचं मोठं काम हवा कोरडी करण्याचं आहे. दमट रात्री दीड टनाचा एसी तासाला दीड-दोन लिटर पाणी सहज काढतो. ड्रेन पाइपखाली बादली ठेवून पाहा. हे पाणी निघतं ते थंड कॉइलवर हवा फिरत राहते तोवरच. म्हणून लहान बेडरूममध्ये ‘असू दे मोठा’ म्हणत दोन टनाचा साधा एसी बसवला, तर तो दहा मिनिटांत खोली गार करून कॉम्प्रेसर बंद करतो. पारा उतरतो, पण चिकटपणा तसाच राहतो आणि आपण रिमोटवर 18 लावतो. दहा बाय अकराच्या खोलीला, ती वरच्या मजल्यावर नसेल तर, एक टन पुरतो. शेवटचा मजला किंवा पश्चिमेची भिंत असेल तर दीड टनाचा विचार करावा. एसी इन्व्हर्टरच घ्यावा, कारण तो बंद-चालू न होता मंद गतीने चालत राहतो. जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या एसींना 24 अंश हे मूळ सेटिंग सक्तीचं आहे. हवा कोरडी असेल, तर 25-26 वर पंखा लावूनही छान झोप लागते.

लेबलवर केवळ तारे मोजू नका. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात, म्हणून त्यावरची मुदत आधी वाचा. मग वर्षाला लागणारी युनिट्स पाहा. ती 1600 तासांच्या वापरावर काढलेली असतात. दोन मॉडेलांच्या युनिट्समधला फरक काढून त्याला बिलातल्या तुमच्या सर्वांत वरच्या स्लॅबच्या दराने गुणा. महावितरणचे स्लॅब 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात आणि एसीची युनिट्स नेहमी वरच्याच स्लॅबमध्ये जाऊन पडतात. रोज रात्रभर एसी लावणाऱ्या घराला पाच तारे परवडतात. पाहुणे आले की तेवढ्यापुरता लावणाऱ्याला तीन पुरे.

आता आपल्या हवेविषयी. शेजारी तळोजा एमआयडीसी आहे. ऑगस्ट 2017 मध्ये तिथले कुत्रे रंगाने निळे झालेले फोटो देशभर गाजले होते. रात्री येणाऱ्या रासायनिक वासामुळे अनेक घरं खिडक्या लावून एसी चालू करतात. पण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवत राहतो. जाळी धूळ अडवते, वायू नाही. तेव्हा वास ओसरला की खिडकी उघडायलाच हवी. खाडीची खारट हवा आणि गंधकयुक्त वायू धातूही खातात. म्हणून तांब्याची आणि गंजरोधक लेप असलेली कॉइल मागा आणि गॅस गळती वॉरंटीत धरली आहे का, ते लेखी घ्या.

आउटडोअर युनिट बंद डक्टमध्ये बसवू नका. त्याने फेकलेली गरम हवा तेच पुन्हा ओढतं आणि बिल फुगतं. मेकॅनिकचा हात सुरक्षितपणे पोहोचेल अशीच जागा हवी. केवळ सर्व्हिसिंगसाठी कुणाला सातव्या मजल्याच्या छज्ज्यावर दोरीशिवाय उतरवणं हा गुन्हाच समजा. ड्रेन पाइपला उतार द्या आणि तो खालच्यांच्या पत्र्यावर न सोडता सांडपाण्याच्या नळीत सोडा.

पुढच्या भागात सर्व्हिसिंगचं वेळापत्रक पाहू. तोवर दुकानात जाण्याआधी टेपने खोली मोजा, पश्चिमेच्या खिडक्यांची नोंद करा आणि मे महिन्याचं जुनं वीजबिल सोबत न्या.