दरिद्र्यांची शाळा : अहमदनगर मिशनच्या इतिहासातून एक बोध

ग्वाल्हेर-इंदूरपासून सोलापूर-नगरपर्यंत जेथे जेथे मराठी ख्रिस्ती मंडळ्या आहेत, तेथे बहुधा मंडळीच्या जोडीला शाळाही आढळते. ही शाळा कोणासाठी होती आणि आज कोणासाठी आहे, या प्रश्नाचा विचार पाळक व उपदेशक यांनी वेळोवेळी केला पाहिजे. त्यासाठी अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर येथील (२०२४ पासून अहिल्यानगर) शैक्षणिक कार्याचे अवलोकन उपयुक्त ठरेल.

गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईस आले. मुंबईत १८२४ मध्ये मिशनने मुलींची शाळा काढली, आणि १८२७ च्या अखेरीस मिस सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका त्या कार्यासाठी आली. नगरचे ठाणे १८३१ मध्ये स्थापन झाले. १८३९ मध्ये मिस फॅरार नगरास आली व १८६२ मध्ये तेथेच मृत्यू येईपर्यंत मुलींना शिकवीत राहिली. जोतीराव फुले यांनी नगरच्या या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा उघडण्याची प्रेरणा त्यांना त्यातून मिळाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण मिस फॅरारकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

परंतु शाळा उघडणे आणि ती दरिद्र्यांना खरोखर खुली होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. याचे उदाहरण धारवाडचे आहे. १८५६ मध्ये तेथील एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारण्यात आला. तो फी देण्यास तयार होता. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. परंतु एकट्या मुलासाठी सवर्ण विद्यार्थ्यांची शाळा संकटात घालणे सरकारला योग्य वाटले नाही. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे तत्त्व स्पष्ट केले, आणि १८८२ च्या हंटर आयोगानेही ते मान्य केले. तरीही गावोगावच्या व्यवहारात अस्पृश्य मूल दीर्घकाळ वर्गाबाहेरच राहिले. यावरून ध्यानात येते की, गरिबाच्या शिक्षणातील अडथळा केवळ फीचा नसतो. कोणाच्या शेजारी बसावयाचे, शिक्षक पाटीला हात लावील काय, मूल शाळेत गेल्यावर गुरे कोण राखील, हे प्रश्नही तितकेच कठीण असतात.

मिशनच्या खेड्यांतील शाळांनी या प्रश्नांना साधे उत्तर दिले : शाळाच महारवाड्यात वा मांगवाड्यात नेली. इमारत बहुधा प्रार्थनेचीच जागा असे. आठवडाभर तेथे अक्षरओळख चाले व रविवारी उपासना होई. शिक्षक आणि उपदेशक पुष्कळदा एकच मनुष्य असे, व तो त्याच समाजातून आलेला असे. खर्च कमी होता तो यामुळेच. या योजनेत उणीवही होती. वस्ती वेगळी म्हणून शाळा वेगळी, आणि महार व मांग यांच्यातील जुने अंतर ख्रिस्ती मंडळीतही पूर्णपणे मिटले नाही.

या कार्याच्या हेतूविषयी मिशनमध्येही मतभेद झाले. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी येथे भेट दिली. सुवार्तेचा प्रसार हे मिशनचे मुख्य कार्य असून शाळा तिला पूरक असावी, असे त्यांचे मत होते. त्यामुळे इंग्रजी शाळा बंद झाल्या व मराठी शाळांवर भर राहिला. या निर्णयाची टीका करणे सोपे आहे. परंतु त्यातील प्रश्न आजही जिवंत आहे. शाळा ही मंडळीची वाढ व्हावी म्हणून असते, की मुलाची भूक व अज्ञान ही स्वतःच सेवेस पात्र आहेत म्हणून? अँडरसन यांच्या भेटीच्याच काळात, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतील चौदा वर्षांची मांग विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा निबंध मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. आपल्या लोकांस धर्मग्रंथांत वाटा नाही ही व्यथा तिने मांडली, आणि दारिद्र्यावर ज्ञान हेच औषध असल्याचे आपल्या बांधवांना सांगितले. शाळेने काय साधले याचे इतके बोलके उत्तर दुसरे नाही. आणि ती विद्यार्थिनी मिशनच्या शाळेतील नव्हती, हेही विसरू नये. चांगल्या शाळेचे फळ तिच्या भिंतींच्या आत मोजता येत नाही.

आता वर्तमानाकडे पाहू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवण्याचे बंधन घातले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही असे ठरविले. २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने त्या निर्णयाच्या फेरविचाराची गरज व्यक्त केली. न्यायालयाचा अंतिम निर्णय काहीही होवो, आपल्यापुढील प्रश्न कायद्याचा नाही. ज्या संस्था महारवाड्यातील एका खोलीत जन्मल्या, त्यांच्या फीपत्रकाकडे पाहून त्या वस्तीतील आई दारातूनच परत जात असेल, तर कायदेशीर सवलत आपल्याला निर्दोष ठरवीत नाही.

शाळा चालवण्यास पैसा लागतो आणि शिक्षकाला योग्य वेतन मिळालेच पाहिजे, हे खरे आहे. म्हणून दया दाखवा एवढेच सांगून भागणार नाही. प्रत्येक मंडळीने तीन गोष्टी तपासाव्यात : आपल्या शाळेत सर्वांत गरीब वस्तीतील किती मुले आहेत, त्यांची फी कोण भरते, आणि मध्येच शाळा सोडलेल्या मुलाच्या घरी कोण जाते. तिसरे काम पूर्वी खेड्यातील शिक्षक-उपदेशक करीत असे. त्याला पदवी नव्हती, परंतु प्रत्येक मुलाचे घर त्याला ठाऊक होते. आज ते काम कोणी करावे, याचे उत्तर पाळकांनी आपल्या पंचमंडळीसमोर मांडणे हीच या इतिहासाशी प्रामाणिक राहण्याची रीत होय.