बर्फ, मीठ आणि सुकटीचा वास

करंजा बंदरातून समुद्रात निघणाऱ्या मासेमारी बोटीला डिझेलइतकाच बर्फ लागतो. लाद्या फोडून चुरा करायचा, मासळीच्या थरावर थर द्यायचा. पण शून्य अंशाचं गार पाणीच का नेत नाहीत?

कारण बर्फात रेणू आपापल्या जागी जखडलेले असतात. ते जागच्या जागी थरथरतात, एवढंच. ती पकड सोडवायला ऊर्जा लागते आणि ती मासळीच्या अंगातून ओढली जाते. शून्य अंशाचा किलोभर बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता गिळतो. तेवढ्यात किलोभर पाणी शून्यावरून ८० अंशांवर पोहोचलं असतं! शिवाय बर्फ पुरता वितळेपर्यंत तापमान शून्यापाशीच राहतं.

द्रवात रेणू एकमेकांवरून घसरतात, पण सहसा घोळका सोडत नाहीत. सोडतात ते पृष्ठभागावरचे वेगवान. उरणच्या मिठागरांत पाणी न उकळता आटतं ते त्यामुळेच. वारा असला की आणखी लवकर. मागे राहतात सोडियम आणि क्लोराइडचे आयन, घनाकृती रचनेत एकमेकांना घट्ट धरून. ही पकड उष्णतेने मोडायची तर ८०१ अंश हवेत.

आणि वायू? सुकत घातलेल्या बोंबलांचा वास वारा पडला तरी घरात येतोच. वासाचे रेणू सेकंदाला शेकडो मीटर धावतात, पण हवेच्या रेणूंशी सतत धडकत, वेडेवाकडे भरकटत. म्हणून नाकापर्यंत यायला त्यांना वेळ लागतो.