आयते दिवस

प्रकल्प-व्यवस्थापनाचा पहिला धडा विद्यापीठात कागदावरच गिरवला जातो. कामांची यादी करावयाची, त्यांचा क्रम लावावयाचा आणि सर्वांत अधिक वेळ घेणारी साखळी, म्हणजे ‘क्रिटिकल पाथ’, शोधावयाची. या साखळीतील एक काम रखडले की सारा प्रकल्प रखडतो. अमेरिकेत १९५७ च्या सुमारास रूढ झालेली ही पद्धत निर्दोष आहे; परंतु प्रश्नपत्रिकेत प्रत्येक कामाचे दिवस आयतेच दिलेले असतात.

कोकण रेल्वेला ते कोणी दिले नव्हते. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले. सुमारे ७६० किलोमीटरच्या मार्गावर पूल उभे राहिले, कातळ फोडून बोगदे निघाले. पण गोव्यातील पेडण्याच्या अवघ्या दीड किलोमीटरच्या बोगद्यात भुसभुशीत माती वारंवार ढासळत राहिली. अखंड मार्ग खुला होण्यास २६ जानेवारी १९९८ उजाडला. मार्गाच्या उभारणीत अनेक कामगारांनी प्राणही गमावले.

गणित येणे म्हणजे अंदाज बांधता येणे नव्हे. १९५८ मध्ये पुढे आलेल्या ‘पर्ट’ पद्धतीने म्हणूनच प्रत्येक कामाला आशावादी, संभाव्य आणि निराशावादी असे तीन कालावधी दिले. विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाच्या स्थलांतरासारख्या साध्या कामाचे दिवस स्वतः ठरवावेत, ते प्रत्यक्षाशी ताडून पाहावेत आणि चूक कोठे झाली ते लिहावे. गुण द्यावयाचे ते या कबुलीला. वर्गातील चुकीची किंमत चार गुणांची असते. बोगद्यातील चुकीची तशी नसते.