खिशातील पेढी

मुलांनो, आगगाड्या नव्हत्या आणि गावोगावी बँका नव्हत्या, त्या काळी दूरच्या गावी रोख रक्कम नेणे मोठ्या जोखमीचे काम असे. वाटेत चोरांचे भय असे आणि नाण्यांचे ओझेही वाहावे लागे. म्हणून आपले व्यापारी हुंडीचा उपयोग करीत. पुण्याच्या व्यापाऱ्याला काशीस पैसे पोहोचवावयाचे असले, म्हणजे तो पुण्यातील पेढीवर रक्कम भरून हुंडी घेई. हुंडी म्हणजे पैसे देण्याविषयीची लेखी आज्ञा. ती काशीच्या पेढीवर सादर केली, की तेथे पैसे मिळत. दाखविताच पैसे मिळत ती 'दर्शनी' हुंडी आणि ठराविक मुदतीनंतर मिळत ती 'मुदती' हुंडी. नाणी जागची हलत नसत. प्रवास करी ती केवळ आज्ञा. पेढीची पत चांगली असे, म्हणूनच ती आज्ञा परगावी मानली जाई.

परंतु ही सोय सावकारांची आणि मोठ्या व्यापाऱ्यांची होती. बाजारात मेथीच्या जुड्या विकणाऱ्या बाईला पेढीची पायरी चढण्याचा प्रसंगच येत नसे. आज मात्र अशा बाईच्या हाती तळहाताएवढी पेढी आली आहे. ती म्हणजे मोबाईलमधील पैसे देण्याघेण्याचे ॲप होय.

एखादे विशिष्ट काम करण्यासाठी मोबाईलमध्ये घातलेली आज्ञावली म्हणजे ॲप. कोणी ॲपवरून रेल्वेचे तिकीट काढतो, तर कोणी हवामान पाहतो. पैसे देण्याघेण्याची ॲप्स ज्या व्यवस्थेवर चालतात, तिचे नाव यूपीआय. निरनिराळ्या बँकांतील खाती एकमेकांस जोडणारी ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ह्या संस्थेने उभारली. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबई येथे रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर डॉ. रघुराम राजन यांच्या हस्ते तिचा आरंभ झाला.

दुकानाच्या फळीवर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन तुम्ही पाहिला असेल. त्याला क्यूआर कोड म्हणतात. जपानमध्ये मासाहिरो हारा ह्या अभियंत्याने आपल्या सहकाऱ्यांसह १९९४ साली तो तयार केला. त्या वेळी त्याचा उद्देश मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवणे हा होता. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौकोन असतात. त्यांच्यामुळे कागद तिरपा असला तरी कॅमेऱ्याला त्याची दिशा कळते. उरलेल्या ठिपक्यांत विक्रेत्याच्या खात्याचा पत्ता साठविलेला असतो.

गिऱ्हाईक आपल्या मोबाईलचा कॅमेरा त्या चौकोनावर धरतो, रक्कम लिहितो आणि आपला गुप्त क्रमांक घालतो. त्याबरोबर गिऱ्हाइकाच्या बँकेस त्याच्या खात्यातून रक्कम वजा करण्याची आणि विक्रेत्याच्या बँकेस ती जमा करण्याची आज्ञा जाते. काही क्षणांत दोघांनाही संदेश मिळतो. पाहा, ही जुनी दर्शनी हुंडीच नव्हे काय? नाणी येथेही हलत नाहीत. फक्त आज्ञा जाते. पुण्याहून काशीस जाण्यास हुंडीला कित्येक दिवस लागत. ही आज्ञा श्वास घेऊन सोडेपर्यंत पोहोचते.

आता ह्यामुळे धंदा वाढतो तो कसा, हे पाहू. आमच्या गावच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी माझ्या जुन्या ओळखीच्या आहेत. पूर्वी अनेकदा असे होई की, गिऱ्हाईक पाचशेची नोट पुढे करी, मावशींजवळ सुटे पैसे नसत आणि निवडलेली जुडी पुन्हा पाटीत पडे. पालेभाजी दुपारपर्यंत कोमेजते. सकाळी परतलेले गिऱ्हाईक म्हणजे संध्याकाळी टाकून द्यावी लागणारी जुडी! सुट्या पैशांची ही अडचण ॲपमुळे उरली नाही.

दुसरा लाभ ह्याहूनही मोठा आहे. मावशींचा सारा हिशेब पूर्वी तोंडी असे. हातगाडीसाठी कर्ज मागावयास त्या एकदा बँकेत गेल्या. "तुमची रोजची विक्री किती?" असे साहेबांनी विचारले. विक्री होती, पण दाखविण्यास कागद नव्हता. निरुपायाने त्या खाजगी सावकाराकडे गेल्या. सकाळी नऊशे रुपये घ्यावे आणि संध्याकाळी हजार फेडावे, असा तो व्यवहार! दिवसभर उन्हात बसून मिळविलेले शंभर रुपये व्याजातच जात.

आता मात्र ॲपवरून मिळालेल्या प्रत्येक रुपयाची नोंद बँकेच्या खात्यात आपोआप होते. १ जून २०२० रोजी केंद्र सरकारने पथविक्रेत्यांसाठी 'प्रधानमंत्री स्वनिधी' ही योजना सुरू केली. तिच्यात आरंभी १० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारणावाचून मिळत असे. ते वेळेवर फेडणाऱ्यास पुढे अधिक रक्कम मिळे आणि ॲपवरून व्यवहार करणाऱ्यास प्रोत्साहन म्हणून काही रक्कम परत दिली जाई. मावशींनी हे कर्ज घेतले आणि मुदतीत फेडले. पुढच्या कर्जातून त्यांनी हातगाडी घेतली. आता त्या मोबाईलवर संदेश पाहून घरोघरीही भाजी पोहोचवितात.

परंतु मुलांनो, साधन कितीही चांगले असले, तरी ते वापरणाऱ्याने सावध राहिलेच पाहिजे. एकदा एका तरुणाने मावशींकडून दोनशे चाळीस रुपयांची भाजी घेतली, पैसे पाठविल्याचे चित्र मोबाईलवर दाखविले आणि तो निघून गेला. चित्र जुने होते. खात्यात एक रुपयाही आला नव्हता. "गुरुजी, मी त्याच्या मोबाईलात बघितलं, माझ्या मोबाईलात बघितलंच नाही," असे मावशी मला म्हणाल्या. ह्या एका वाक्यात मोठा धडा आहे. रक्कम मिळाली की नाही, हे नेहमी आपल्याच खात्यात पाहावे. गुप्त क्रमांक पैसे देताना घालावा लागतो, घेताना कधीही नाही. म्हणून 'पैसे पाठवितो, तुमचा क्रमांक घाला' असे कोणी म्हटले, तर तो फसवीत आहे असे खुशाल समजावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. घरपोच माल पोहोचविणारी काही ॲप्स दुकानदाराच्या विक्रीतून आपला वाटा कापून घेतात. गिऱ्हाइके वाढली, पण नफा वाढला की नाही, ह्याचा हिशेब दुकानदारालाच करावा लागतो. तो हिशेब ज्याला येत नाही, त्याचा धंदा वाढल्यासारखा दिसतो आणि आतून मात्र पोखरत जातो.

मावशींच्या गाडीवर क्यूआर कोडशेजारी तराजू टांगलेला असतो. मी त्यांच्याकडेच भाजी घेतो. पैसे ॲपने देता येतात म्हणून नव्हे. ते आता सर्वत्रच देता येतात. त्यांचा तराजू खरा आहे आणि शिळी जुडी त्या ताजी म्हणून देत नाहीत, हे त्याचे कारण. ॲप पैसे पोहोचविते आणि नोंद ठेवते. हुंडीच्या काळी पेढीला जी पत लागे, ती आजही ज्याची त्यानेच मिळवावी लागते.