दिवस मोजणाऱ्या रमाबाई

बायबलमधलं ९० वं स्तोत्र मोशेच्या नावावर आहे. माणसाला ७० वर्षं, धडधाकट असला तर ८०. सकाळी उगवून संध्याकाळी सुकणाऱ्या गवतासारखं हे जगणं, असं ते सांगतं. पण ते हळहळत बसत नाही. दिवस मोजायला शिकव, असं देवाकडे मागतं आणि शेवटी विनवतं, आमच्या हातचं काम टिकव.

थोडं आयुष्य आहे म्हणून उपभोगून घ्या, असा अर्थ मला यात दिसत नाही. ते कुणासाठी खर्चायचं हे आजच ठरवा, असं मी वाचतो.

पंडिता रमाबाईंनी ते ठरवलं होतं. दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन, मग निराधार स्त्रियांसाठी केडगावचं मुक्ती मिशन. आणि एवढा व्याप सांभाळून उतारवयात काय? सामान्य बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या! वर्षानुवर्षं हे काम चाललं. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा ६४ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. भाषांतर मात्र पूर्ण झालं होतं.

हे स्तोत्र अवघ्या १७ वचनांचं आहे. आज घरच्यांसोबत बसून मोठ्यानं वाचा.