साभार परत

मराठीत लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी दोन शब्दांची चिठ्ठी येते, ‘साभार परत’. पूर्वी ती आपणच आपला पत्ता घालून, तिकीट लावून सोबत पाठवलेल्या पाकिटातून यायची. आता ती ई-मेलने येते, आणि पुष्कळदा येतच नाही. माझ्याजवळ अशा सात चिठ्ठ्या आहेत. कॉमर्सच्या मुलाने या फंदात पडावे कशाला, असे आमच्या वर्गात बऱ्याच जणांना वाटते. पण मराठीचे सर म्हणाले, “लिहावे कसे यावर सगळेच लिहितात. लिहून झाल्यावर पुढे काय करायचे, ते तू लिही.” तेव्हा सात चिठ्ठ्या एवढाच माझा अधिकार समजून वाचावे.

माझी सुरुवात चुकीच्या दारातून झाली, ते आधी सांगून टाकतो. पहिल्या वर्षाला असताना मोबाईलवर एक निवेदन फिरत आले. नवोदित कवींसाठी सुवर्णसंधी, प्रातिनिधिक कवितासंग्रह, सहभाग शुल्क ७०० रुपये, सोबत सन्मानपत्र. बाबा वडगावात दुसऱ्याच्या यंत्रमागावर काम करतात. त्यांच्याकडे ७०० रुपये मागायला मला दोन दिवस लागले. त्यांनी फारशी चौकशी केली नाही. “पुस्तकात तुझं नाव येणार न्हवं?” एवढेच विचारले आणि पैसे दिले.

चार महिन्यांनी पुस्तक आले. ११२ पाने, १०० कवी. पान ८७ वर माझी कविता, आणि तिच्याखाली माझे नाव. पण आडनाव भलत्याच कोणाचे. बाबांनी ते पान बराच वेळ धरून ठेवले. मग म्हणाले, “ह्यो कोण रे?”

माझे मामा छापखान्यात अक्षरजुळणीचे काम करतात. खिळे जाऊन संगणक आला तरी घरात आम्ही त्याला जुळणीच म्हणतो. त्यांनी पुस्तक हातात घेतले, कडेने पाने मोजली आणि सांगितले की सोळा पानांचा एक फॉर्मा, म्हणजे हे सात फॉर्मे. कागद अमुक, बांधणी साधी. छपाईला गोळा झालेल्या पैशांच्या निम्मेसुद्धा लागले नसणार. मी वहीत आकडे मांडले. शंभर कवी गुणिले ७००, म्हणजे एकही प्रत विकली जाण्याआधी ७०,००० रुपये जमा. मग ती प्रत वाचकापर्यंत न्यायची कोणाला गरज? त्या व्यवहारात गिऱ्हाईक वाचक नव्हतेच, गिऱ्हाईक मी होतो. हे कळायला मला अकाउंटन्सीचे एक वर्ष पुरले, पण कविता छापून येण्याच्या ओढीपुढे ते आठवले नाही.

स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा आहे, असे मला म्हणायचे नाही. पुष्कळ चांगली माणसे ते करतात, फक्त ती डोळे उघडे ठेवून करतात. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक देण्याचे स्वतंत्र पैसे कोणी मागितले, तर भारतात तो क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाने चालणाऱ्या सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो, एवढे माहीत असावे. आणि पहिल्याच पुस्तकासाठी साहाय्य देणाऱ्या योजनाही आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० साली स्थापन झाले, त्याची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. इकडे कन्नड पुस्तक प्राधिकाराची तरुण लेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी योजना आहे. आपण सीमेवरचे लोक, म्हणून भाषेची आणि रहिवासाची अट आधी वाचावी, मग बाकीचा अर्ज.

त्या संग्रहाच्या अर्जात तळाशी एक ओळ होती, ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’. मी सही करून मोकळा झालो होतो. पुढे व्यापारी कायदा शिकवणाऱ्या सरांना विचारले, तेव्हा १९५७ चा कॉपीराइट कायदा त्यांनी समजावून दिला. लिहिणारा हा त्या लेखनाचा पहिला मालक (नोकरीचा भाग म्हणून लिहिले असेल तर गोष्ट वेगळी). त्यासाठी कोठे नोंदणी करावी लागत नाही; लिहिले की हक्क आला, आणि तो लेखकाच्या हयातीनंतरही ६० वर्षे चालतो. दुसऱ्याला तो द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. किती काळासाठी दिला हे करारात नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो. कोणत्या प्रदेशासाठी हे नसेल तर भारतापुरता धरतो. आणि घेणाऱ्याने वर्षभरात तो वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही लिहिलेले नसल्यास तो हक्क सुटतो. या हिशेबाने माझी ती कविता, जिच्यात पावसाला सतरा विशेषणे आहेत, तूर्त पाच वर्षे दुसऱ्याच्या ताब्यात आहे. तिच्याबद्दल मला फारसे दुःख नाही. पण तेव्हापासून साहित्य पाठवताना पत्रात ‘एक वेळ प्रसिद्धीपुरती परवानगी’ हे शब्द घालतो.

आता पाठवायचे कोठे? मराठीत याचे मोठे दार म्हणजे दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला, आज असे अंक शेकड्यांनी निघतात. पण त्या फराळाचे पीठ आषाढातच दळले जाते, हे नवख्याला ठाऊक नसते. मी पहिली कथा घटस्थापनेच्या दिवशी पाठवली होती! उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहून पाऊस लागण्याच्या सुमारास पाठवावी, म्हणजे निदान वाचली जाण्याची आशा असते. दुसरी चूक, अंक न वाचताच पाठवणे. एका विनोदी अंकाला मी दुष्काळावरची कथा पाठवली होती. गणपत गल्लीतल्या वाचनालयात जुने अंक चाळत दोन संध्याकाळी बसलो असतो तर टळले असते. त्यातही कोणाकोणाची नावे दर वर्षी तीच आहेत आणि कोणत्या अंकात दोन-चार अनोळखी नावे दिसतात, हे पाहावे. ती अनोळखी नावे म्हणजे आपल्यासाठी उघडी ठेवलेली फट.

हस्तलिखित कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून लिहावे हा जुना नियम. आजचा नियम मामांकडून कळला: मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असावा. छापखान्यांत अजून जुन्या पद्धतीचे फॉन्ट आहेत. त्यांत केलेली फाईल तिकडच्या यंत्रावर तोच फॉन्ट नसेल तर गिचमिड होऊन उघडते, आणि संपादक ती दुरुस्त करीत बसत नाही. सोबतचे पत्र पाच ओळींचे पुरे. ‘लहानपणापासून मला साहित्याची आवड’ हे वाक्य त्यात नसले तरी चालते. लेखन अप्रकाशित असल्याचे लिहावे, आणि ते खरेही असावे. आपण फेसबुकवर टाकलेली कविता पुष्कळ संपादक अप्रकाशित मानत नाहीत. एकच कथा एकाच वेळी दोघांना पाठवू नये.

मी आवक-जावकची एक वही ठेवली आहे. कोणती कथा, कोणाला, केव्हा गेली, केव्हा परत आली, काय शेरा. मालाची खतावणी ठेवतात तशीच. तीन महिन्यांनी एक आठवणपत्र, त्यानंतरही उत्तर नाही तर ‘परत घेत आहे’ असे कळवून दुसरीकडे. या वहीचा फायदा असा की कथा परत आली की मन खट्टू व्हायच्या आत पुढचा रकाना भरावा लागतो.

माझ्या सात चिठ्ठ्यांपैकी सहा कोऱ्याच म्हणायच्या. सातवीत एका संपादकांनी एक ओळ जास्त लिहिली होती: शेवटची दोन पाने काढून पाहा. कथा आमच्या गल्लीतल्या बंद पडलेल्या मागावरची होती, आणि त्या दोन पानांत मी सगळा अर्थ समजावून सांगितला होता. महिनाभर मला त्या गृहस्थांचा राग होता. मग पाने काढली. त्यांचे बरोबर होते. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली, पण तिचे संपादक राम पटवर्धन लेखकांना पत्रे लिहून कथा पुन्हा पुन्हा लिहायला लावीत, याच्या आठवणी अजून निघतात. असे वाचणारा माणूस भेटणे ही छापून येण्याच्या आधीची पायरी आहे, आणि ती जास्त अवघड आहे.

आपण पुण्या-मुंबईपासून लांब, आपल्याला कोण विचारतो, ही तक्रार आपल्याकडे नेहमीची. पण जी. ए. कुलकर्णी शिकले बेळगावात, शिकवीत होते धारवाडला, आणि त्यांच्या कथा मासिकांतून महाराष्ट्रभर वाचल्या गेल्या. जन्म १९२३, पहिला संग्रह ‘निळा सावळा’ १९५९. इंदिरा संत बेळगावच्याच. जन्म १९१४, आणि केवळ स्वतःच्या कवितांचा पहिला संग्रह ‘शेला’ १९५१. वजाबाकी करून पाहावी, एकाची छत्तीस आणि दुसरीची सदतीस येते. मी वीस वर्षांचा आहे, तेव्हा मला घाई करण्याचे कारण नाही, असे मी स्वतःला सांगतो. रात्री ते पटते, सकाळी ई-मेल उघडताना पटत नाही.

जवळची व्यासपीठेही आहेत. कडोली, उचगाव, येळ्ळूर येथील संमेलनांत नवख्याला कविता वाचायला मिळते. मंडपातली माणसे कोणत्या ओळीला चुळबुळ करतात, ते तिथे समोरच दिसते.

एक गोष्ट मात्र मला आधी सुचली नव्हती. मराठी माध्यमात शिकलो तरी गल्लीमुळे कन्नड मला येते. कन्नड कथेची परंपराही थोर, ‘प्रजावाणी’च्या दीपावली विशेषांकाची कथास्पर्धा मानाची समजली जाते. आणि घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले, हे तर धारवाडच्या वाटेवर राहणाऱ्यांना सांगायला नको. मला कन्नडमध्ये लिहायचे धाडस नाही. पण सवय म्हणून एका कन्नड कथेचा मराठी अनुवाद केला आणि एका अंकाला धाडला. उलट प्रश्न आला: मूळ लेखकाची परवानगी? अनुवादाचा हक्कही मूळ लेखकाचाच असतो, हे मला माहीत नव्हते. कन्नडच्या मॅडमनी क्रमांक मिळवून दिला. फोनवर चाचरत विचारले, तर पलीकडून “माड्रि, माड्रि” असे प्रसन्न उत्तर आले, आणि आठवड्यात लेखी पत्रही.

तो अनुवाद गेल्या दिवाळीत छापून आला. मानधन ५०० रुपये. निम्मे मूळ लेखकांना देऊ केले, तर त्यांनी फक्त अंकाची एक प्रत मागितली. ते ५०० मी बाबांना दिले. म्हणजे त्या खात्यावर अजून २०० रुपये तूट आहे. बाबांनी पैशांपेक्षा आधी अंक उघडला आणि बोट ठेवून आडनाव वाचले. बरोबर होते. “पण गोष्ट तुझी कुठं हाय?” ते म्हणाले.

ती गोष्ट, शेवटच्या दोन पानांवाचून, जूनमध्ये तिसऱ्यांदा पाठवली आहे. वहीच्या मागच्या पानांवर काही अंकांचे पत्ते आणि त्यांच्या साहित्य स्वीकारण्याच्या मुदती उतरवल्या आहेत. कोणाला हव्या असतील तर दुपारच्या सुट्टीत ग्रंथालयात भेटावे. वही मात्र तिथेच बसून उतरून घ्यावी, घरी नेऊ नये.