कुब्जेची हनुवटी

मथुरेच्या रस्त्यात कृष्णाने कुब्जेच्या पावलांवर आपला पाय दाबला, हनुवटीखाली दोन बोटं लावली आणि तिला वर उचललं. तीन ठिकाणी वाकलेली बाई क्षणात ताठ उभी राहिली. कीर्तनात ही गोष्ट ऐकताना कुणाला शंका येत नाही. मणक्याच्या सर्जनला मात्र येईल. खाली पाय धरायचे आणि वरून हनुवटी ओढायची, म्हणजे ट्रॅक्शनच की! आणि आतला मज्जारज्जू खाली कुठेतरी अडकलेला असता तर?

पाठीला एका बाजूला बाक येणं, म्हणजे स्कोलिओसिस, हा काही दुर्मीळ आजार नाही. वाढत्या वयाच्या शंभर मुलांत दोघा-तिघांच्या कण्यात दहा अंशांहून जास्त वळण सापडतं. जूनमध्ये मंचरच्या बाजारात गणवेशाचं माप देताना शिंप्याच्या टेपेला जे कळतं, ते कित्येकदा घरी कुणाच्या लक्षात आलेलं नसतं: एक खांदा वर, ड्रेसची एक बाजू आखूड. मग दोष दप्तराला जातो. दप्तराने खांदे दुखतात, पण हे वळण दप्तराने येत नाही. मुलीला गुडघे न वाकवता, हात जोडून पुढे वाकायला सांगावं आणि मागून पाहावं. बरगड्यांची एक बाजू उंचवट्यासारखी वर आली, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. विल्यम ॲडम्स या इंग्रज सर्जनची ही दीडशे वर्षांपूर्वीची युक्ती, अर्ध्या मिनिटाची आणि फुकटची.

बहुतेक मुलांत या वळणाचं कारण सापडत नाही आणि मज्जारज्जू ठणठणीत असतो. हा लेख उरलेल्यांबद्दल आहे.

गाय दाव्याने खुंट्याला बांधलेली असते, तसा काहींचा मज्जारज्जू कण्याच्या तळाशी बांधलेला राहतो. मूल वाढतं, कणा लांबतो, दावं ताणत जातं. काहींत मणक्याच्या पोकळीत मधोमध हाडाचा खुंट उगवतो आणि त्याच्या दोन्ही अंगांनी रज्जू दुभंगून जातो. काहींत लहान मेंदूचा तळ कवटीच्या भोकातून मानेत उतरतो. हान्स कियारी यांनी १८९१ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ती कियारी विकृती. तिच्यासोबत बरेचदा मज्जारज्जूच्या आत पाण्याची पोकळी तयार होते. अशा मुलीला भाकरी भाजताना हाताला फोड येतो आणि चटका बसल्याचं कळतच नाही. स्पर्श कळतो, ऊन-गार आणि वेदना कळत नाही.

खुणा शरीरावर असतात. काहींच्या कमरेवर मधोमध केसांचा झुपका असतो, त्याला घरात जन्मखूण म्हणून सोडून दिलेलं असतं. छातीच्या भागातला बाक सहसा उजवीकडे असतो. तो डावीकडे असला की डॉक्टर सावध होतात. बाक दहा वर्षांच्या आत दिसला, तरीही. मग किल्लीच्या टोकाने बेंबीच्या बाजूची कातडी हलकेच ओढून पाहतात. बेंबी त्या बाजूला सरकायला हवी. एकीकडे सरकली आणि दुसरीकडे ढिम्म राहिली, की एमआरआय आलाच. मंचरहून त्यासाठी पुण्याचा रस्ता धरावा लागला, तर तो साठेक किलोमीटरचा. पालकांना हा खर्च फुकाचा वाटतो, कारण बाक तर डोळ्यांना दिसतोच आहे. पण एक्स-रेमध्ये हाड दिसतं, दावं दिसत नाही.

दावं दिसलं, की बरेचदा न्यूरोसर्जनचा नंबर आधी लागतो. बांधलेला रज्जू मोकळा करायचा, हाडाचा खुंट काढायचा, नाहीतर कवटीच्या तळाशी जागा करून द्यायची. मग साधारण तीन ते सहा महिने थांबून कणा सरळ करायचा. मूल लहान आणि बाक थोडा असेल, तर कियारीच्या शस्त्रक्रियेनंतर तो कधीकधी आपणहून कमी होतो. उलट काहीच त्रास नसलेल्या काही रुग्णांना ही पहिली पायरी लागत नाही, असंही अनेक सर्जन आता मानतात.

कियारीच्या शस्त्रक्रियेवरून वाद मुंबईतही पेटला. परळच्या केईएम रुग्णालयातले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी २०१५ साली ६५ रुग्णांचा अनुभव मांडून म्हटलं की, कियारीचं मूळ मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या ढिलेपणात आहे. मेंदूचा खाली उतरलेला भाग ही तर निसर्गाने फुगवलेली एअरबॅग आहे. म्हणून कवटीचं हाड कापू नका, मणके स्क्रूने घट्ट करा. जगभरच्या अनेक सर्जनांना हे पटलेलं नाही. पण उपमा मात्र झकास आहे.

खऱ्या धास्तीचा क्षण कणा सरळ करतानाचा. पॉल हॅरिंग्टन यांनी ह्यूस्टनमध्ये पोलिओच्या मुलांसाठी घडवलेल्या सळ्यांची माहिती १९६२ साली प्रसिद्ध केली, तेव्हा आत काय ताणलं जातंय ते कळायला मार्ग नव्हता. १९७३ साली फ्रान्सच्या स्टॅन्यारा आणि सहकाऱ्यांनी मार्ग काढला: पाठ उघडी असतानाच भूल हलकी करायची आणि पेशंटला सांगायचं, पायाची बोटं हलव. हलली, तर पुढे जायचं. आता डोक्यापासून पायापर्यंत तारा लावून विजेचे सूक्ष्म संदेश पाठवतात. पडद्यावरची लाट खाली बसली, की सर्जन हात थांबवतात, रक्तदाब वाढवायला सांगतात, लागलं तर सळीचा ताण सोडतात. आधीच अधू असलेल्या मज्जारज्जूत ही लाट मुळातच क्षीण असते, त्यामुळे यंत्रावर सगळा भरवसा टाकता येत नाही. बोटं हलवायला सांगायची जुनी रीत म्हणूनच अजून मोडीत निघालेली नाही.

बाक पुरता जातोच असं नाही, आणि सळ्यांनी जोडलेला भाग पुन्हा वाकत नाही. पण टेबलावरच उंची काही सेंटिमीटर वाढते. गणवेश आखूड होतो आणि शिंप्याकडे पुन्हा जावं लागतं.